ज्ञानाचे ऋण आणि बँकेचे कर्ज

पदवी परीक्षांचे निकाल लागले, की किनारपट्टीवरील घराघरांतून पुढल्या शिक्षणाची चर्चा सुरू होते. वैद्यकी, अभियांत्रिकी, बँकेतील नोकरी किंवा बोटीवरचे काम हे आपल्याकडचे रुळलेले मार्ग. अलीकडे त्यात एका नव्या इच्छेची भर पडली आहे. कला वा वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली एखादी मुलगी घरी सांगते, की तिला समाजकार्याचे, लोकप्रशासनाचे किंवा सार्वजनिक धोरणाचे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे आहे आणि पुढे पंचायत, नगरपालिका वा एखादी सेवाभावी संस्था हेच आपले कार्यक्षेत्र मानायचे आहे. आईवडिलांना मुलीचे कौतुक वाटते. मग शुल्काचा आकडा समोर येतो, वसतिगृहाचा खर्च समोर येतो आणि कौतुकाची जागा काळजी घेते. कर्ज काढावे काय? काढल्यास ते सेवेच्या पगारातून फिटेल काय? आणि फिटणार नसेल, तर ही पदवी हवीच कशाला?

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे नेहमी दिली जातात. विद्येचे मोल पैशात करू नये, असे एक वर्ग सांगतो. ज्याला सेवेची तळमळ आहे त्याला पदवीची गरज काय, असे दुसरा विचारतो. पहिल्या वर्गाला हप्ता भरावा लागत नाही, म्हणून त्याचा उपदेश स्वस्त असतो. दुसऱ्याला, अंदाजपत्रक वाचता न येणाऱ्या सद्‌भावी कार्यकर्त्याची सरकारी कचेरीत काय अवस्था होते, याची कल्पना नसते. या दोन्ही उत्तरांनी तरुणांची दिशाभूल होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या प्रश्नाचा नीट विचार करावयाचा, तर वाचकांनी आमच्याबरोबर क्षणभर इंदूरला यावे. होळकरांच्या या नगरीत मराठी माणूस परका नाही. पिढ्यान्‌पिढ्या तेथे मराठी घरे नांदत आली आहेत. लोकसेवेकडे जाऊ पाहणाऱ्या तरुणापुढचे आजचे सगळे मार्ग या एकाच शहरात शेजारीशेजारी दिसतात. १९९६ साली स्थापन झालेली भारतीय व्यवस्थापन संस्था येथे आहे. तिचे शुल्क लाखांत मोजले जाते. १९६४ सालापासूनचे, आज देवी अहिल्येचे नाव धारण करणारे सार्वजनिक विद्यापीठ येथे आहे. मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचे मुख्यालय येथे आहे आणि त्याच्या परीक्षांसाठी भंवरकुआँ परिसरात खोल्या घेऊन राहिलेले हजारो विद्यार्थीही येथेच आहेत. शहरापासून काही मैलांवर महूची लष्करी छावणी आहे. १४ एप्रिल १८९१ रोजी याच छावणीत भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म झाला. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्याच्या आंबडवे गावचे, म्हणजे आपल्याच किनाऱ्याचे. कर्ज आणि उच्च शिक्षण यांचा लोकसेवेशी संबंध काय, हे शिकावयाचे असेल तर बाबासाहेबांच्या चरित्रासारखा दुसरा पाठ नाही.

या चरित्राकडे आपण बहुधा विद्वत्तेच्या बाजूने पाहतो. पैशाच्या बाजूनेही ते एकदा पाहण्यासारखे आहे. वेंगुर्ल्याजवळच्या केळुस गावचे गुरुवर्य कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी या विद्यार्थ्याची गाठ बडोद्याच्या सयाजीराव महाराजांशी घालून दिली. १९१३ साली बडोदे संस्थानाने त्यांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. बदल्यात करार लिहून घेतला. त्यात व्याजाचा दर नव्हता आणि तारणही नव्हते. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानाची सेवा करावी, एवढीच अट होती. शिक्षणाचे ऋण सेवेने फेडावयाचे, हा त्या व्यवहाराचा पाया होता.

तो करार पुढे का तडीस गेला नाही, हेही विसरता कामा नये. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली. लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून ते अट पाळण्यासाठी बडोद्यास रुजू झाले. परंतु अस्पृश्य म्हणून त्यांना शहरात राहावयास घर मिळेना. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तर तेथूनही जमावाने त्यांना बाहेर काढले. कचेरीत शिपाई कागद दुरून टाकीत. सेवा करावयास निघालेल्या माणसाला समाजाने सेवाच करू दिली नाही. म्हणून शिक्षणाला पैसे पुरवले, की कर्तव्य संपले असे कोणी मानू नये. शिकून आलेल्याला काम करण्यास मानाची जागा देणे हा त्याच व्यवहाराचा उरलेला अर्धा भाग आहे.

पुढची पायरी याहून बोलकी आहे. १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली. दरमहा चारशे पन्नास रुपये पगार हा त्या काळात थोडाथोडका नव्हता. तरीही परळच्या चाळीत काटकसरीने राहून त्यांनी त्या पगारातून शिल्लक टाकली आणि १९२० साली नोकरीचा राजीनामा देऊन ते लंडनचा अपुरा अभ्यास पुरा करावयास निघाले. शिल्लक पुरेशी नव्हती. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी काही मदत केली आणि अमेरिकेपासूनचे स्नेही नवल भाथेना यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. ज्या समाजाच्या धर्मशाळेतून त्यांना तीन वर्षांपूर्वी बाहेर काढण्यात आले होते, त्याच समाजातील हा मित्र! लंडनमध्ये अर्धपोटी राहून त्यांनी ग्रंथालयात दिवस काढले आणि इकडे रमाबाईंनी हालअपेष्टा सोसून संसार चालवला. १९२३ साली बॅरिस्टरी पदरी घेऊन ते परतले आणि त्याच वर्षी त्यांना डॉक्टरेटही मिळाली.

येथे कोणी म्हणेल, की आंबेडकर एखादाच जन्मतो; त्यांचे उदाहरण सामान्य विद्यार्थ्याला काय उपयोगाचे? बुद्धी एखाद्यालाच तशी मिळते, हे खरे. पण त्यांच्या हिशेबाची रीत सर्वांना घेता येण्यासारखी आहे. त्यांनी आधी नोकरी केली, मग शिल्लक टाकली, मग मदत मागितली आणि उरलेल्या तुटीपुरतेच कर्ज काढले. ते कर्जही असे, की ज्याला धनको तगादा लावणार नव्हता. शिवाय कोणत्या विषयाचे ज्ञान हवे आणि ते कोठे मिळेल, हे त्यांना नेमके ठाऊक होते. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध १९२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि अवघ्या दोन-तीन वर्षांत भारतीय चलनाची चौकशी करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी अधिकारवाणीने साक्ष दिली. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि पुढल्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले. घेतलेले ऋण असे हजारो विद्यार्थ्यांच्या नावे जमा झाले.

सेवेने ऋण फेडण्याची ही कल्पना आपल्या मातीत नवी नव्हती. गुहागर तालुक्यातील कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले यांच्या शिक्षणासाठी थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडले आणि पंधरा रुपयांच्या पगारातून महिन्याला आठ रुपये पाठवले. त्या आठ रुपयांची वसुली भावाने कधी केली नाही. गोखल्यांनी ती देशाकडे भरली. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य वीस वर्षे महिना पंचाहत्तर रुपयांवर शिकवण्याचे वचन देत आणि पाळीत. दापोली तालुक्यातील मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजमध्ये सीनिअर रँग्लर झाले. सरकारी नोकरीच्या मोठ्या पगाराची दारे उघडी असताना ते त्याच तुटपुंज्या वेतनावर फर्ग्युसन महाविद्यालयात परतले. सरकारी शिष्यवृत्तीवर शिक्षण झाल्यामुळे त्यांच्या डोक्यावर सावकाराचा बोजा नव्हता, म्हणूनच त्यांना ते वचन पाळता आले, हे मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो.

१२ जून १९०५ रोजी पुण्यात स्थापन झालेली गोखल्यांची भारत सेवक समाज ही संस्था म्हणजे आजच्या भाषेत लोकसेवेचे पदव्युत्तर विद्यालयच होय. नव्या सदस्याने पाच वर्षे अभ्यास आणि देशभ्रमण करावे, अहवाल, आकडेवारी आणि कायदे वाचावेत आणि मगच सार्वजनिक कार्यास हात घालावा, असा तेथील दंडक होता. या पाच वर्षांचे शुल्क कोणी भरत नसे; उलट, संस्थाच सदस्याला निर्वाहापुरते वेतन देई. १९०९ साली तेथे आलेले नारायण मल्हार जोशी पुढे देशातील कामगार चळवळीचे एक आधारस्तंभ झाले. १९१४ साली आलेले ठक्करबाप्पा आदिवासींच्या आणि हरिजनांच्या सेवेत देह झिजवून गेले. त्यानंतर १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा पदव्युत्तर समाजकार्य विद्यालय उघडले. तेच आजचे टाटा समाजविज्ञान संस्थान. सेवेसाठी केवळ सद्‌भावना पुरत नाही, तिला शास्त्राची जोड हवी, हे आपल्या पूर्वसूरींनी नव्वद-शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. म्हणून या शिक्षणाची गरज आहे काय, हा वाद आम्हांस निरर्थक वाटतो. वाद आहे तो त्याचा खर्च कोणी आणि कसा सोसावा, एवढाच. २०१८ साली याच संस्थेच्या विद्यार्थ्यांनी मागासवर्गीयांची शुल्कसवलत काढून घेतल्याच्या निषेधार्थ संप पुकारला, तो या वादाचेच एक रूप होता.

आता आजच्या कर्जाचा हिशेब मांडू. बँकांच्या प्रचलित पद्धतीनुसार चार लाख रुपयांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण लागत नाही. साडेसात लाखांच्या वर घर, जमीन किंवा ठेव तारण द्यावी लागते. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. शिक्षण संपल्यावर साधारणतः एका वर्षाने हप्ते सुरू होतात आणि फेडीची मुदत पंधरा वर्षांपर्यंत असू शकते. हप्ते थांबलेले असले, तरी त्या काळात व्याज थांबत नाही, ही गोष्ट मात्र पुष्कळ पालकांच्या ध्यानात येत नाही.

उदाहरणच घ्यावयाचे, तर दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी पाच लाख याप्रमाणे दहा लाख रुपये शेकडा दहा दराने काढले, असे समजा. शिक्षणाची दोन आणि सवलतीचे एक, अशा तीन वर्षांत सरळव्याजानेच अडीच लाख चढतात. फेड सुरू होते ती साडेबारा लाखांची. दहा वर्षांत फेडावयाचे ठरवल्यास महिन्याचा हप्ता सुमारे साडेसोळा हजार होतो. पंधरा वर्षांची मुदत घेतली, तर हप्ता साडेतेरा हजारांच्या आत येतो, पण भरावी लागणारी एकूण रक्कम चोवीस लाखांच्या घरात जाते. ग्रामीण भागातील संस्थेत तीस हजारांवर काम सुरू करणाऱ्या तरुणाने अर्ध्याहून अधिक पगार बँकेला दिला, तर त्याने खावे काय आणि घरी पाठवावे काय? अशा वेळी तो संस्था सोडून शहरातील सल्लागार कंपनीची वाट धरतो. त्याला स्वार्थी म्हणणे सोपे आहे. पण त्याची दिशा त्याच्या स्वभावाने ठरलेली नसते, हप्त्याने ठरलेली असते. कर्ज कॅलेंडरच्या तारखेवर चालते. कर्जदार पाड्यावर काम करतो की काचेच्या इमारतीत, याची त्याला फिकीर नसते.

मग पदवीच्या वाटेला न जाता स्पर्धापरीक्षेच्या वाटेने जावे, असे पुष्कळ पालक सुचवतात. त्यांनी पुन्हा एकदा इंदूरकडे पाहावे. आरक्षणाच्या न्यायालयीन वादामुळे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या २०१९ पासूनच्या परीक्षांचे निकाल रखडले आणि काही जागांचे निकाल राखून ठेवण्यात आले. डिसेंबर २०२४ मध्ये ऐन थंडीत शेकडो परीक्षार्थींनी आयोगाच्या दारात रात्रंदिवस धरणे धरले. खोलीचे भाडे, शिकवणीचे शुल्क आणि वाया जाणारी उमेदीची वर्षे हेही कर्जच आहे. ते कोणत्या खातेवहीत दिसत नाही आणि त्याच्या अखेरीस बहुतेकांच्या हाती पदवीही पडत नाही. तेव्हा परीक्षेची वाट फुकट आणि पदवीची वाट महाग, ही समजूत टिकण्यासारखी नाही.

इतर देशांनी या पेचातून काय मार्ग काढला? ऑस्ट्रेलियाने १९८९ सालापासून विद्यार्थ्याचे देणे त्याच्या उत्पन्नाशी जोडले. उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर गेले, तरच करासोबत वसुली होते. अमेरिकेने २००७ साली कायदा केला, की सरकारी वा धर्मादाय संस्थेत पूर्णवेळ काम करणाऱ्याने एकशेवीस मासिक हप्ते भरले, की उरलेले सरकारी शैक्षणिक कर्ज माफ व्हावे. २०१७ पासून अर्ज येऊ लागले, तेव्हा कागदपत्रांच्या काटेकोर नियमांत अडकून आरंभीचे बहुतेक अर्ज फेटाळले गेले. पुढे नियम सुधारले आणि २०२४ अखेर माफी मिळालेल्यांची संख्या दहा लाखांपलीकडे गेली. कल्पना चांगली असली, तरी ती राबवणारी कचेरीही सहृदय असावी लागते, हा यातील धडा आपल्या राज्यकर्त्यांनी विशेषेकरून घ्यावा.

आपल्या देशातही काहीच घडले नाही, असे नव्हे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या विद्यालक्ष्मी योजनेत नामवंत संस्थांतील विद्यार्थ्यांना विनातारण कर्ज मिळते. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळात, तीन टक्के व्याजसवलत दिली जाते. गोमंतकात शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्जाने अनेकांना हात दिला आहे. हे सारे स्वागतार्ह आहे. पण यातील एकही योजना विद्यार्थी शिकून पुढे काय करणार, हे विचारीत नाही. याउलट पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सरकार विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा खर्च उचलते आणि विद्यार्थी सैन्यातील सेवेने त्याची फेड करतो. डॉक्टरांसाठी जे शक्य झाले, ते पंचायतीच्या कारभारासाठी, सार्वजनिक आरोग्यासाठी, पाणीपुरवठ्यासाठी आणि किनाऱ्याच्या रक्षणासाठी शिकणाऱ्यांना का शक्य होऊ नये?

तोपर्यंत तरुणांनी काय करावे, याविषयीही आम्ही आडपडदा न ठेवता सांगू. पदवी घेतल्याघेतल्या कर्ज काढण्याची घाई करू नये. निदान दोन वर्षे प्रत्यक्ष काम करावे, म्हणजे आपल्याला कोणते ज्ञान कमी पडते, हे कळेल. मग सार्वजनिक विद्यापीठे आधी पाहावीत. महूतच बाबासाहेबांच्या नावाचे सामाजिक शास्त्रांचे विद्यापीठ आहे, आणि आपल्या राज्यांतही कमी शुल्काचे अभ्यासक्रम आहेत. शिष्यवृत्त्या आणि विद्यावेतन देणाऱ्या सरकारी योजना धुंडाळाव्यात. महाराष्ट्रात २०१५ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री फेलोशिपसारख्या उपक्रमांत तरुण मानधन घेऊन प्रशासनाचे काम शिकले आहेत. एवढे करूनही तूट उरली, तर तेवढ्यापुरते कर्ज अवश्य काढावे. त्यात कमीपणा नाही. मात्र संस्थेच्या माहितीपत्रकातील सर्वाधिक पगार पाहून हिशेब करू नये. ज्या कामासाठी आपण शिकणार, त्या कामात मिळू शकणाऱ्या किमान पगाराचा पाचवा हिस्सा, ही हप्त्याची मर्यादा समजावी. तीस हजारांच्या पगाराला सहा हजारांचा हप्ता पेलतो. वर मांडलेल्या अटींवर तो साडेतीन लाखांच्या आसपासच्या कर्जाचा होतो. त्यापलीकडचे कर्ज लोकसेवेसाठी काढले, तरी ते माणसाला लोकसेवेपासून दूर नेईल. आणि पालकांनी बापजाद्यांचे कुळागर किंवा आंब्याची बाग तारण ठेवण्यापूर्वी हा हिशेब मुलांबरोबर बसून, कागदावर मांडावा.

आपल्या परंपरेने ऋषिऋण मानले आणि ते अध्ययन-अध्यापनाने फेडावयास सांगितले. त्याचे हप्ते पाडले नाहीत. सयाजीरावांनी दहा वर्षांची सेवा मागितली, गोखल्यांनी सदस्यांकडून आयुष्य मागितले, पण दोघांनीही आधी खर्च स्वतः उचलला. आज ती जबाबदारी लोकनियुक्त सरकारांची आहे. गोवा आणि महाराष्ट्र या दोन्ही सरकारांनी येत्या अंदाजपत्रकात प्रत्येक तालुक्यातून निदान दोन पदवीधरांच्या अशा शिक्षणाचा खर्च उचलावा, शिकून आल्यावर पाच वर्षे त्यांची सेवा आपल्याच पंचायती-पालिकांतून घ्यावी आणि तेथे त्यांना अधिकाराची, मानाची जागा द्यावी. देवस्थानांचे निधी, ज्ञातिसंस्था आणि परदेशी स्थिरावलेली आपली माणसे यांनीही या कामी भाथेनांचा कित्ता गिरवावा. रक्कम फार मोठी नाही. निर्णय तेवढा मोठा आहे, आणि तो घेण्यास आणखी एक शैक्षणिक वर्ष वाया जाऊ देऊ नये.